पाण्याकडे पाठ

दोरी ओढली, पडदा सरकला, आणि भिंतीवर काहीच नव्हतं. चार भोकं तेवढी.

सोमनाथनं हे पाहिलं ते मोबाइलवर, हातात चहाचा ट्रे धरून, भूगावच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, आणि दारावर पाटी: ‘रेश्मा पासलकर, खाजगी तपास’. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा सांगतो त्या कंपनीत खरंच आहे का, पितो का, आधीचं काही लफडं आहे का. सोमनाथ पूर्वी हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायचा. आता तो रेश्माताईंची गाडी चालवतो, चहा करतो आणि डोकं चालवायचं काम बिनघोर त्यांच्यावर सोडून देतो.

“परत लावा,” रेश्माताई म्हणाल्या.

समोरच्या खुर्चीतल्या बाईनं व्हिडिओ परत लावला. रुपाली तिचं नाव. चाळिशीच्या अलीकडची, इस्त्रीची कॉटनची साडी, आणि रडून झाल्यावर नीट तोंड धुऊन आलेला चेहरा.

व्हिडिओत एका नव्या इमारतीच्या दालनात पाहुणे जमलेले. जाकीट घातलेले एक गृहस्थ टाळी वाजवायला हात वर करून तयार. नऊवारीतली एक म्हातारी दोरी ओढते. पडदा सरकतो आणि सगळ्यांची तोंडं उघडी पडतात. जाकीटवाल्यांचे हात तसेच हवेत. सगळे भिंतीकडे बघतायत, म्हातारी तेवढी डावीकडे कुठंतरी. बिचारीला नीट दिसत नसेल, सोमनाथला वाटलं.

“हे शूटिंग कुणी केलं?”

“मंडळातल्या एका सेविकेनं. मी इकडे डाव्या अंगाला उभी होते, आईंच्या पर्सची राखण करत.” रुपालीनं मोबाइल पालथा ठेवला. “आई म्हणजे सगुणाबाई कंधारे. माझी आई नव्हे. पण मी त्यांना आईच म्हणते.”

मग तिनं सगळं सांगितलं. ती बोधमाउली सेवा मंडळात काम करते. मंडळाचं मंदिर आहे, भजन आहे, आणि आता घोटवड्याच्या पुढे ‘विसावा’ उभं राहिलंय. ज्यांच्या दुखण्यावर औषध उरलं नाही त्यांनी शेवटचे दिवस नामस्मरणात आणि माणसांत काढावेत, म्हणून. मंदिराच्या पेटीत पडतं त्यातून असली इमारत होत नाही. त्यासाठी मोठे देणगीदार लागतात, आणि मोठ्या देणगीदारांकडे जाणं हेच रुपालीचं काम.

“म्हणजे पैसे मागायचे,” सोमनाथ म्हणाला.

“मागायचं एकदाच असतं हो. बाकी नुसतं जायचं. चहा प्यायचा, ऐकायचं. कुणाचं ऑपरेशन असलं की दवाखान्यात बसायचं. मोठ्या घरांत माणसं फार कमी असतात. मी गेले की दोन-दोन तास सोडत नाहीत.” ती थोडं हसली. “माझ्या ओळखीत सगळे आई, काका, आजोबा आहेत. आणि रात्री जेवायला मी एकटी असते.”

सोमनाथनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. त्याच्याही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत सुमनचा फोटो आहे, त्यावरचा प्लास्टिकचा हार तो रविवारी साबणानं धुतो आणि वाळला की परत घालतो. बाकी रविवारला काम नसतं.

“विसाव्याचं मुख्य दालन सगुणाबाईंनी बांधून दिलं,” रेश्माताई म्हणाल्या. “आणि पाटीवर काय होतं?”

“‘कै. इंद्रजित बाबूराव कंधारे यांच्या स्मरणार्थ, मातोश्री सगुणाबाई यांजकडून.’ काळ्या ग्रॅनाइटची पाटी, दोन हातांत मावेल एवढीच. इंद्रजित त्यांचा एकुलता एक मुलगा. मजकूर मीच लिहिला. सगळे स्मरणार्थच देतात. आईंना वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली.”

“कशानं गेला तो?”

“आम्ही विचारत नाही, ताई. आमच्या कामाचा पहिला नियम आहे तो. दुःखाबद्दल आपण तोंड उघडायचं नाही, सांगतील तेवढं ऐकायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर त्याचा फोटो पाहिला. आई त्याच्याबद्दल सांगत होत्या, लहानपणी विहिरीत कशा उड्या मारायचा ते, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ‘फार वाईट झालं हो,’ म्हटलं. मग आम्ही दोघी रडलो. त्याच्या वाढदिवसाला मला मुद्दाम बोलावलं होतं. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, सगळं तबक करून फोटोला औक्षण केलं. मला बघवेना, मी अंगणात जाऊन उभी राहिले.”

रेश्माताईंनी चहाचा घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून ठेवला.

“आता मंडळ काय म्हणतं?”

“आईंनी शेजारची जमीनही देऊ केलीय. समारंभ झाला की बक्षीसपत्रावर सही करणार होत्या. आता कार्यवाह म्हणतात, एवढा अपमान झाल्यावर त्या सही करणारच नाहीत. चूक माझी, पाटीवर लक्ष ठेवणं माझं काम होतं. पाटी सापडली नाही तर मी राजीनामा द्यायचा.” रुपालीनं पालथा मोबाइल हातात घेतला. “नोकरीचं एक वेळ जाऊ द्या, दुसरी मिळेल. पण त्या दिवसापासून आई माझा फोन उचलत नाहीत, ताई. त्यांना वाटतंय, मीच त्यांच्या मेलेल्या मुलाची शोभा केली.”

“गाडी काढा, सोमनाथराव,” रेश्माताई म्हणाल्या.

*

विसाव्याला अजून चुन्याचा वास येत होता. पाहुण्यांसाठी बांधलेली झेंडूची तोरणं वाळून गेली होती आणि ती काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

जाकीटवाले गृहस्थ म्हणजे कार्यवाह मनीष. व्हिडिओत अडकलेले हात आता त्यांनी पाठीमागं बांधले होते.

“पोलिसांकडे गेलो नाही, संस्थेचं नाव खराब होतं,” ते म्हणाले. “तुम्हाला रुपालीबाईंनी आणलंय, ठीक आहे. पण माझा स्पष्ट संशय आहे, सगुणाबाईंच्या पुतण्यावर. शेखर. प्लॉट विकतो. काकूची जमीन दानात गेली तर त्याच्या हाती काय लागणार?”

“आणि तुमच्यावर कुणी संशय घेतला तर? तुमच्या मनात या दालनाला दुसऱ्या देणगीदाराचं नाव द्यायचं होतं, असं कानावर आलं.”

मनीष लालबुंद झाले. “होतं. एका बिल्डरचं. चर्चा झाली, विषय संपला. अहो, सही व्हायची आहे अजून. समारंभ बिघडवून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन होय?”

रेश्माताई भिंतीजवळ गेल्या. सोमनाथही गेला. चारही भोकं स्वच्छ, रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. खिडकीत एक मातीची पणती होती आणि पणतीत चार स्क्रू, त्यांच्या चार पितळी टोप्यांसकट, नीट ठेवलेले.

“चोर भलताच टापटिपीचा आहे,” सोमनाथ म्हणाला.

“आणि त्यानं पडदाही परत लावला. दोरीसकट.” रेश्माताईंनी दालनभर नजर फिरवली. खाटा ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांवर सारख्याच पांढऱ्या चादरी. दाराजवळच्या पहिल्या खाटेवर त्या क्षणभर टेकल्या, चादरीवरून हात फिरवला आणि उठल्या.

पहारेकरी कोंडिबा बाहेर उन्हाला बसला होता. साठीचा, डोक्याला मफलर. सोमनाथनं तंबाखूची पुडी पुढं केली, तसा तो जरा सैल झाला.

“पाटी कधी बसवली?”

“सोहळ्याच्या आदल्या दिशी, सकाळच्याला. मिस्त्री आला, बसवून ग्येला. वर पडदा टाकला.”

“मग कोण कोण आलं?”

“कोन येतंय हितं? मांडववाली आली, ती भाईरच्या भाईर. दुपारी काकी आल्या रिक्षानं. पयल्या खाटंवर टाकायला वाकळ घिऊन. सवता शिवल्याली, लई जड. म्हनल्या, पयला जो कुनी हितं यील त्याला ऊब पायजे. पाटी बघितली, देवाचं नाव घेतलं, ग्येल्या.”

“तुम्ही त्यांना काकी म्हणता?”

“एका गावची मानसं आमी. धरनाच्या वरल्या अंगाची.” कोंडिबानं तंबाखू मळायची थांबवली. “त्यांनीच मला हितं चिकटवलं. न्हाईतर या वयात कोन ठिवतंय कामावर?”

“रात्री कुणी आलं नाही?”

“माझं कुत्रं हाय. पाचोळा हालला तरी भुकतंय. त्या राती गप हुतं.”

“ठीक आहे,” रेश्माताई म्हणाल्या. आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “खोटं बोलत नाही हा. पण पुरतं खरंही बोलत नाही.”

“मला तर काहीच कळलं नाय,” सोमनाथ प्रामाणिकपणे म्हणाला.

“तुम्ही पुढं बघून चालवा.”

*

हिंजवडीकडे जाताना माणच्या अलीकडे शेखरचं ऑफिस होतं. पत्र्याची शेड, दारात प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि गुळगुळीत कागदावर छापलेली सात-आठ स्वप्नं. कंपन्यांच्या गाड्यांची रांग दारापर्यंत आली होती.

“घ्या, माझ्यावरच येणार हे,” शेखर हसला. “ताई, काकूनं जमीन देवाला द्यावी न्हाईतर विहिरीत टाकावी, माझं पोट भरलेलं हाय. वाईट कशाचं वाटतं सांगू? गावची धरणाकडची जमीन विकली तवा मी तिला भूगावात रो-हाउस दाखवलं. पिरंगुटला फ्लॅट दाखवला. सगळे नातेवाईक हिकडं, येणं-जाणं राहिलं असतं. न्हाईच म्हणाली. कासारसाईच पायजे. तितं आमचं कुणी न्हाई, कुत्रं ओळखत न्हाई. एकटी राहती बंगल्यात.”

“कासारसाईच्या धरणाचं पाणी आवडत असंल,” सोमनाथ म्हणाला.

“जन्म गेला की तिकडं गावच्या धरणाच्या काठाला. पाण्याचं काय कौतुक तिला?”

“पाटीवरचा मजकूर तुम्हाला माहीत होता?” रेश्माताईंनी विचारलं.

“न्हाई. पत्रिकेत नुसतं ‘दालनाचं लोकार्पण’ होतं. काकांचं नाव दिलं असंल, असं वाटलं.”

“काकांचं नव्हतं, इंद्रजितचं होतं. कै. इंद्रजित यांच्या स्मरणार्थ.”

शेखरच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं टेबलावरची पत्रकं उगाचच सारखी केली.

“कशानं गेला तो?”

“ते काकूलाच विचारा,” तो उठून उभा राहिला. “मी त्या भानगडीत पडत न्हाई. माझं गिऱ्हाईक यायचं हाय.”

गिऱ्हाईक कुठंच दिसत नव्हतं. गाडीत बसता बसता सोमनाथ म्हणाला, “हाच आहे, ताई. पांढरा फटक पडला बघा.”

“पांढरा पडला खरा. पण कुठल्या शब्दाला पडला, ते बघितलंत का?” रेश्माताईंनी फोन काढला. “रुपालीबाई, तुम्ही तडक कासारसाईला या. आई फोन उचलत नसल्या तरी दार उघडतील.”

*

दार उघडलं, पण सगुणाबाईंनी रुपालीकडे बघितलं नाही. “या,” एवढंच म्हणून त्या आत वळल्या. बारीक अंगाची बाई, ताठ पाठ, हाताला शेतकामाचे घट्टे अजून तसेच.

बैठकीत इंद्रजितचा फोटो होता. तरणाबांड, कपाळावर केस. फ्रेम लख्ख पुसलेली, काचेवर कुंकवाचं एक बोट, बाकी काही नाही. सोमनाथनं सवयीनं हात जोडले. तसं सगुणाबाईंनी तोंड फिरवलं.

“वर गच्चीत बसू का, काकी?” रेश्माताई म्हणाल्या.

गच्चीतून कासारसाईचं धरण पुरतं दिसत होतं. दिवस कलला होता, पाण्यावर तांबूस उजेड पडला होता, थंडी पडायला लागली होती. असल्या देखाव्यासाठी लोक बक्कळ पैसे मोजतात, सोमनाथच्या मनात आलं. तिथं एकच खुर्ची होती, वेताची, बसून बसून खोलगट झालेली. ती पाण्याकडे पाठ करून ठेवली होती. खुर्चीसमोर शेतं, शेतांपलीकडे धूर, आणि धुरातून वर आलेले हिंजवडीचे टॉवर.

रेश्माताई त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या.

“काकी, ती वाकळ कुठंय हो?”

सगुणाबाईंनी जिन्याकडे पाहिलं.

“तुम्ही पहिल्या खाटेवर टाकायला वाकळ नेलीत. मी त्या खाटेवर बसून आले. नुसती चादर आहे. मायेनं शिवलेली वाकळ पहिल्या माणसाला ऊब द्यायला नेली, आणि परत आणली. का? तर जाताना तिच्यात दुसरं काहीतरी गुंडाळायचं होतं. एका काळ्या दगडाला.”

“ताई!” रुपाली म्हणाली. “काय बोलताय तुम्ही? आईंच्याच मुलाची पाटी आहे ती!”

“थांबा जरा. मी पहिल्यापासून सांगते.” रेश्माताई कठड्याला टेकल्या. “पाटी ज्यानं काढली त्यानं एकही ओरखडा उठू दिला नाही. स्क्रू पणतीत ठेवले. त्याला पाटीचा राग नव्हता, दालनाचाही नव्हता. मनीषना ती नको असती तर त्यांनी बसवूच दिली नसती. त्यांना जमिनीवर सही हवी होती, तमाशा नको होता. आता शेखर. तो काकूच्या इस्टेटीवर टपलाय असं धरून चालू. मग इंद्रजितचं नाव ‘कै.’ म्हणून दगडात कोरलं जाणं त्याच्या फायद्याचंच की. तो पाटी राखायला बसला असता. शिवाय आत काय लिहिलंय हे त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला.”

“मग रात्री कोणी...” सोमनाथ म्हणाला.

“रात्री कुत्रं भुंकलं नाही, कारण रात्री कुणी आलंच नाही. काम दुपारीच झालं होतं. मांडववाले बाहेर होते. आत आली एकच व्यक्ती. कोंडिबा त्यांच्या गावचा, त्यांनीच त्याला नोकरी लावलेली. स्क्रू त्यानं काढले, ओझं रिक्षात त्यानं ठेवलं. मला तो म्हणाला, काकी वाकळ घेऊन आल्या. वाकळ ठेवून गेल्या, असं काही म्हणाला नाही. आणि तो व्हिडिओ आठवा. पडदा सरकला तेव्हा सगळं दालन भिंतीकडे बघत होतं. काकी तेवढ्या डावीकडे बघत होत्या. डावीकडे कोण होतं?”

“मी,” रुपाली हळूच म्हणाली.

“भिंतीवर काय नाही ते त्यांना माहीत होतं. त्यांना बघायचं होतं, तुमच्यावर काय येतंय ते.”

सगुणाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“पण का?” सोमनाथला राहवेना. “आपल्याच लेकाची पाटी...”

“सोमनाथराव, तुमच्या घरी सुमनवहिनींच्या फोटोला काय असतं?”

“हार. रविवारी धुतो मी.”

“खाली फोटोला हार होता?”

नव्हता. त्यानं मघाशी हात जोडले होते आणि त्याला दिसलं नव्हतं. इतकी वर्षं हार धुणाऱ्या माणसाला!

“हार नाही, कुंकू आहे,” रेश्माताई म्हणाल्या. “वाढदिवसाला तबक करून औक्षण. रुपालीबाई, तुम्ही रडायला अंगणात गेलात, पण जरा थांबून विचार करायचा होता. गेलेल्या माणसाला नैवेद्य दाखवतात. सुपारी-अंगठी घेऊन औक्षण करतात ते जिवंत माणसाचं, त्याला आयुष्य मिळावं म्हणून. आणि ही खुर्ची. जिथं कुणी ओळखीचं नाही त्या गावात घर घ्यायचं, धरणासमोर घ्यायचं आणि धरणाकडे पाठ करून बसायचं. का? त्या बाजूला कोण राहतं, काकी?”

खाली रस्त्यावरून एक कंपनीची बस गेली.

“त्यो म्हनला हुता,” सगुणाबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “मालक ग्येल्यावर मी जमीन इकली. त्याला नको हुती इकायला. लई भांडला. म्हनला, आजपासनं मी मेलो आसं समज. आन् ग्येला. लगीन केलं, पोर झालं, मला दुसऱ्याकडनं कळलं. येत न्हाई, बोलत न्हाई. गावात जो त्यो इचारायचा, पोरगा येतो का? सनाला आला का? काय सांगू? ग्येले गाव सोडून. हितं कुनी इचारत न्हवतं.”

त्या पहिल्यांदाच रुपालीकडे वळल्या.

“मग तू आलीस. फोटू बघून तुज्या डोळ्यांत पानी आलं. म्हनलीस, फार वाईट झालं. पोरी, माज्या लेकासाटी माज्याबिगार कुनी रडलं न्हवतं ग. मला म्हनवंना, की बाई, त्यो हाय, फकस्त येत न्हाई. मेलेल्या पोराच्या आईला कुनी ‘येतो का’ म्हनून इचारत न्हाई. तिच्याजवळ येऊन बसत्यात मानसं. तू बसायचीस. मला त्ये ग्वाड लागलं.”

“आणि पाटी?” रुपालीनं विचारलं. “मी वाचून दाखवली होती ना तुम्हाला?”

“कागद त्यो कागदच आसतो. मान हालवली मी. पन त्या दुपारी पडदा वर केला आन् काळ्या दगडात त्याचं नाव बघितलं. म्होरं त्ये अक्षर. त्यो म्हनला मेलो समज, त्ये त्याचं. पन मी आई आसून दगडात कोरून ठिवू? उद्या त्याला काय झालं तर? कोंडिबाच्या पाया पडले मी.”

दगड खालीच होता. त्यांच्या कॉटखाली, वाकळीत, पालथा.

“तुम्ही मला सांगू शकत होतात,” रुपालीचा आवाज चढला, आणि सोमनाथला बरंच वाटलं. एवढं सोसल्यावर माणसानं चिडायला नको होय? “मी राजीनामा लिहून पर्समध्ये घेऊन फिरतेय, आई. तुम्ही माझा फोनसुद्धा उचलला नाहीत! मला वाटलं, मी तुमचा अपमान केला. रात्र-रात्र झोपले नाही मी. तुम्हाला एक शब्द बोलवला नाही?”

“बोलले आसते तर तू आली आसतीस परत? पैशे दिले, काम झालं. वर खोटारडी म्हातारी.”

रुपालीनं पर्स कठड्यावर ठेवली. सोमनाथला तिचं मघाचं बोलणं आठवलं: रात्री जेवायला मी एकटी असते. तो कठड्यापलीकडे बघत राहिला.

“माझं काम संपलं,” रेश्माताई म्हणाल्या. “पाटी सापडली. मनीषना किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, काकी. पाटी कोपऱ्यात मिळाली, मांडववाल्यांनी काढली होती, असंही सांगता येईल. तुमच्या मुलाचं नाव निघणार नाही. पण मग हलगर्जीपणाचं खापर रुपालीबाईंवर राहील.”

सगुणाबाईंनी हात पुढं केला. “फोन लाव त्यास्नी.”

रुपालीनं लावला. स्पीकरवर मनीष नमस्कार-चमत्कार करू लागले. त्यांना मध्येच तोडून म्हातारी बोलली, आणि बोलताना ताठ उभी राहिली.

“मनीषराव, पाटी मी न्हेली. माज्या हातानं. रुपालीचा काय बी दोष न्हाई. कोंडिबाचा बी न्हाई. त्या पाटीवर खोटं हुतं. माजा पोरगा जित्ता हाय.” त्यांनी फोन आणखी तोंडाजवळ घेतला. “हाय जित्ता. माज्याकडं येत न्हाई, एवढंच. जमिनीची सही मी करनार हाय, कागद पाठवा. नवी पाटी लावू नका. वाकळ पाठवती, ती पयल्या खाटंवर टाका.”

सगुणाबाईंनी फोन रुपालीच्या हातात दिला आणि त्या खुर्चीत बसल्या. हे एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून त्यांनी गाव सोडलं होतं, आणि आज ते बोलून झालं होतं.

अंधारायला लागलं. पलीकडे टॉवरच्या खिडक्यांतून एकेक दिवा लागत होता. रेश्माताईंनी सोमनाथला खूण केली, पण त्याचा पाय निघेना.

रुपाली खाली गेली. आता ही तडक घरी जाणार, सोमनाथला वाटलं. ती वर आली ती स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून. वेताच्या खुर्चीशेजारी तिनं ती ठेवली, तशीच, पाण्याकडे पाठ करून, आणि बसली. मग तिच्या कामात जे कधी विचारायचं नसतं ते तिनं विचारलं.

“इंद्रजित कुठं राहतो, आई? यातला कुठला दिवा त्याचा?”

म्हातारी समोर बघत राहिली.

“मला तरी कुटं ठाव हाय, पोरी? हिंजवडीत ऱ्हातो, एवढंच कळलंय. म्हनून सगळंच बघती.”